पिवळा डबा

फोन वाजल्याशिवाय आपला मुलगा घरी न्यायचा नाही, हे आत्याला आता पाठ झालं होतं. खाडीवरच्या लाकडी पायवाटेच्या टोकाला, खारफुटीच्या सावलीत ती बाकावर बसली होती. खाली चिखलात खेकडे आपापल्या बिळाच्या तोंडाशी पहारा देत होते. एकानं दुसऱ्याच्या बिळात नांगी घातली की जुंपलीच दोघांची. "बघ, एवढ्याशा जिवालासुद्धा आपलं घर राखता येतं," असं ती मुलाला म्हणाली, तेव्हा तो लगेच उठला होता. शहाळी आणतो म्हणून फाटकाकडे गेला होता.

तीन महिने झाले, दर रविवारी हा फेरफटका. आधी मोठी बाग झाली, मग पक्ष्यांचं तळं, मग दीपगृहामागची टेकडी, आणि गेले चार रविवार ही खाडी. ज्या पोराला दहा वर्षं आईकडे बघायला सवड नव्हती, तो आता तिच्या पावलानं चालायचा, बगळा कुठला नि खंड्या कुठला ते दाखवायचा, ती उठायला लागली की "अजून एक चक्कर मारू" म्हणायचा. बाराच्या सुमारास फोन वाजला, की मात्र लगेच, "चल आई, निघू." आत्यानं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, की ज्यांची पोरं आईला फक्त दवाखाना दाखवतात त्यांनी माझ्याकडे शिकवणी लावावी. शेजारणींची तोंडं आंबट व्हायची आणि आत्याचा आठवडा गोड जायचा.

जिथे जाईल तिथली झाडाखाली पडलेली बी ती रुमालात बांधून आणायची. घराच्या मागच्या पायरीवर त्या बिया रुजवलेले तिचे अकरा डबे होते, दाराचा उरलेला पिवळा रंग फासलेले. ते दार, ती पायरी, सगळं घर तिनं शाळेचे गणवेश शिवून उभं केलं होतं. चाळीस वर्षं मशीन चालवून गुडघे गेले, पण भिंतीला तडा नाही. दोन वर्षांपूर्वी घर मुलाच्या नावावर केलं, तेव्हा वकील म्हणाला, निदान तुमच्या हयातीपर्यंत राहण्याचं लिहून घ्या. आत्या त्याच्याच अंगावर गेली. पोटच्या पोराकडून लिहून घेऊ? तुमच्या आईनं घेतलं होतं का?

गेल्या रविवारी घरी येऊन बघते, तर डबे दहा. बदामाचं रोप असलेला, कडेला पोचा आलेला डबा गायब. मागच्या पायरीवर घरातूनच जाता यायचं, आणि दाराला कुलूप तसंच. आत्याचं डोकं फिरलं. दुसरी किल्ली भांडीवालीकडे असायची, एकोणीस वर्षं. मुलगा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला होता, "किल्ली तर तिच्याचकडे असते." मग आत्याच्या जिभेला कोण आवरणार? चोर म्हणाली, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणाली, नको नको ते बोलली.

भांडीवालीनं हात पुसले. "डबा नेऊन मी काय करू, आत्या? माझ्याकडे ठेवायला पायरी तरी आहे का?" किल्ली ओट्यावर ठेवून ती गेली, ती आलीच नाही.

पायवाटेवर पावलं वाजली. एक नवरा-बायको आणि त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीनं पोटाशी काहीतरी धरलं होतं. पिवळं. कडेला पोचा आलेलं.

"भिंतीवरच्या फोटोत मशीनपाशी बसलेल्या त्या तुम्हीच ना?" बाईनं हसून विचारलं.

आत्या डब्याकडे बघत राहिली.

पुरुष ओशाळून म्हणाला, "माफ करा हं. गेल्या रविवारी आम्ही घर बघायला आलो, तेव्हा हिनं हा न विचारता उचलला. दलाल म्हणाला, एवढ्याशा डब्याचं काय. पण दुसऱ्याचं विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, हे या वयातच शिकवायला हवं ना?"

बाकीचं बाई सांगत गेली. मुलानं दलालाला किल्लीच करून दिली होती. आज घराची मापं घेणारे आले होते, त्यांचं होईपर्यंत डबा आणून द्यायला वेळ होता. आजी रविवारी बारापर्यंत खाडीवरच असतात, तेव्हाच घर दाखवतो, असं दलालाकडून कळलं होतं. तुम्हालाच आता एवढं घर झेपत नाही, असं मुलगा म्हणाला म्हणे. घर मात्र फार मायेनं ठेवलंय तुम्ही.

आत्यानं आयुष्यात परक्यासमोर डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं. आजही काढलं नाही. तिनं डबा घेतला, मांडीवर ठेवला, बोटानं माती चाचपली. ओली होती. पोरीनं आठवडाभर पाणी घातलं होतं.

"शहाणी आहेस," ती मुलीला म्हणाली. "आणलंस परत. सगळ्यांना जमत नाही ते."

ती मंडळी गेली तरी ती तशीच बसून राहिली. मुलगा दोन्ही हातांत शहाळी घेऊन आला. डबा दिसला तसा पाच पावलांवर थांबला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. वाजत राहिला. हात भरलेले होते, आणि रिकामे असते तरी त्यानं उचलला नसता.

"आई..." तो म्हणाला. "घरी गेल्यावर सगळं सांगतो."

आत्या गुडघ्यावर हात रोवून उठली. डबा काखेत घेतला.

"गाडी आधी भांडीवालीकडे घे," ती म्हणाली. "चोर सापडला, एवढं तिला सांगायचंय. आणि तू सोबत ये."