येऊ दे, येऊ दे

नंबरप्लेटच्या वर वायरलेस कॅमेऱ्याचा शेवटचा स्क्रू आवळून मी वडिलांना गाडीत बसवलं. अण्णांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेली. मी गाडी मागे घेताना अजूनही दुखरे गुडघे सावरत उतरायचे, डिकीवर थापा मारत "येऊ दे, येऊ दे" ओरडायचे.

"अण्णा, आता उतरायची दगदगच नको!"

स्क्रीनवर मागचं अंगण उमटलं. "झ्याक दिसतंय," एवढंच ते म्हणाले.

रविवारी बाजाराला निघताना मी त्यांना हाक मारली.

"मी कशाला? तुला दिसतंय की आता मागचं सगळं."

मी रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर फाटकाशी उभे राहिलेले अण्णा दिसले. ओठ हलत होते, आणि हात स्वतःच्याच मांडीवर थापा मारत होता.