मागच्या रांगेतला सेइजी

"पुन्हा वाटाण्याएवढा काढलास? डोळे फुटले का तुझे, कुराता?"

तोमिएबाईंनी पोस्टर जमिनीवर पसरलं आणि मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर बोट आपटलं. त्या चालवत असलेल्या सार्वजनिक स्नानगृहात अंघोळीला आलेल्या बायका टॉवेल तोंडावर धरून हसल्या.

विनोदी सिनेमाचं पोस्टर. पिवळाजर्द कागद, नाचरी लाल अक्षरं, नटांची भोपळ्याएवढी डोकी आणि खाली टीचभर अंगं. त्या डोक्यांमागच्या गर्दीत तोमिएबाईंचा सेइजी दात काढून हसत होता.

"मागचे नट असेच दिसतात, बाई," थिएटरचा रंगारी कुराता पुटपुटला.

"मागचा असेल तुझा बाप! आणि जरा वय चढव की. अठ्ठावीस वर्षांचा झालाय तो."

नट व्हायचं म्हणून सेइजी इथून, हाकोदातेहून, बोटीने टोकियोकडे निघाला, त्याला सात वर्षं झाली. तेव्हा स्नानगृहाच्या भिंतीवर आलेल्या पहिल्याच पोस्टरात बाईंनी लेकाला इतकं शोधलं, की कुराताला बघवेना. पुढच्या पोस्टरात त्याने आपल्याच कुंचल्याने सेइजी घुसवला. मग प्रत्येकात. सिनेमात तो कधीच नव्हता.

पण बाईंना हे कळणार कसं? पोस्टर लावण्याबद्दल थिएटरवाले फुकट तिकिटं देत, पण बाई ती गिऱ्हाइकांना वाटून टाकत. म्हणत, "मी गेले तर पाण्याची भट्टी कोण बघणार?"

आता घरोघरी टीव्ही आला होता. शनिवारी थिएटर बंद होणार. पुढे पोस्टर नाही, म्हणजे सेइजीही नाही. खरं आज सांगायलाच हवं होतं.

बायका पाण्यात उतरल्या. बाहेरच्या खोलीत दोघंच उरली.

"शेवटचं ना हे?" बाई म्हणाल्या. "मग मधोमध काढ त्याला. नायकाएवढा."

"बाई, माझं ऐका. सेइजी सिनेमात..."

"बडबड नको. रंग काढ."

त्या आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेली एक चौकट घेऊन आल्या.

"आठवणीतून काढतोस, म्हणून दरवेळी नाक चुकतं. याच्यावरून काढ."

कुराताने कापड सोडलं. उदबत्तीच्या धुराने काच पिवळी पडली होती. काचेमागे एकवीस वर्षांचा सेइजी, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांना शोकाची काळी फीत, आणि पाठीमागे बाईंच्या वेड्यावाकड्या अक्षरात तारीख: तो घरून निघाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरातली.