दुसरी रेघ

"दोन हायत, आत्या," न्हाणीतून बाहेर येत त्रिवेणी म्हणाली आणि हातातली पांढरी पट्टी तळहातावर धरून ओट्यावर बसली.

शांतम्मा नुकतीच पूजा आटपून उठली होती. सुनेच्या तोंडावर असलं हसू तिनं लग्नाच्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. दुसरी कुठली सासू असती तर देवापुढं साखर ठेवायला धावली असती. शांतम्माला मात्र दवाखान्यातलं बोलणं आठवलं.

चारच दिवसांपूर्वी दोघी परभणीच्या दवाखान्यात होत्या. मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारांची तिसरी खेप. बीजं किती उरलीत ते दाखवणाऱ्या हार्मोनचा रिपोर्टातला आकडा पार तळाला गेलाय, आता हे शेवटचं करून बघू, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. त्रिवेणीला आत टेबलावर घेतलं आणि सिस्टर बाहेर येऊन शांतम्माच्या शेजारी बसली.

"मावशी, परवा जे इंजेक्शन दिलं ना, ते गर्भारपणाचंच हार्मोन असतं. आठ-दहा दिवस रक्तात राहतं. घाई करून घरी पट्टी बघितली तर दोन रेघा येतील, पण त्या इंजेक्शनमुळं. सुनेला सांगा, पंधराव्या दिवशी इथंच रक्त तपासू. तेव्हा आकडा चढलेला निघाला तरच खरं."

शांतम्मानं समजल्यासारखी मान हलवली आणि सुनेला चकार शब्द सांगितला नाही. सांगणार तरी कशी? जिंतूरच्या एसटीत ती पोर सारा रस्ता पोटावर हात ठेवून बसली होती. खड्डा आला की डोळे मिटायची. घरी गेल्यावर सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता चार दिवस उलटले. आणि या बयेनं मागच्या खेपेची उरलेली पट्टी कुठल्या डब्यात जपून ठेवली होती, कुणास ठाऊक.

मंगेश डेअरीला दूध घालायला गेला होता. परत यायची वेळ झालीच होती. शांतम्मा आपल्या लेकाला चांगली ओळखून होती. त्याला कळलं की चप्पल काढायच्या आधी पाथरीच्या बहिणीला फोन, मग शेतावर बापाला फोन, आणि दुपारपर्यंत सगळ्या गावात पेढे. त्यानंतर पंधरावा दिवस यायचाच होता.

क्षणभर तिच्या मनात आलं, गप्प बसावं. जे काय सांगायचं ते रक्त सांगेल, आपण कशाला वाईट व्हा? खरं तर तिलाही त्या दोन रेघा हव्या होत्या, सुनेइतक्याच. गल्लीत कुणी बाळंतीण झाली की तेल लावून लेकराला न्हाऊ घालायला शांतम्मालाच बोलावणं यायचं. ती आनंदानं जायची. मांडीवर घ्यायची, चोळायची, धुरी द्यायची, दुपट्यात गुंडाळायची. आणि मग ज्याचं लेकरू त्याच्या हातात देऊन घरी यायची. हाताला तेलाचा वास संध्याकाळपर्यंत राहायचा. त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

पण गप्प बसून भागणार नव्हतं. ती ओट्यावर सुनेजवळ टेकली.

"त्रिवेणी, माय, एक बोलायचं हाय. ही रेघ तुझी न्हाई, बाई. ती इंजेक्शनची हाय. सिस्टर म्हणली व्हती मला. तुला सांगायचं सोडून मीच दडवून ठिवलं. लय चुकलं माझं."

आता ही हंबरडा फोडणार म्हणून शांतम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हललीसुद्धा नाही.

"मला ठावं हाय, आत्या."

"ठावं हाय?"

"मधी नुसता पडदाच व्हता. टेबलावर पडल्या पडल्या समदं ऐकू येत व्हतं मला."

शांतम्माच्या मनावरचं ओझं उतरलं खरं, पण आता काहीच उमजेना.

"मग आगं, समदं ठावं असून पट्टी कामून केलीस?"

त्रिवेणीनं पट्टी थोडी तिरपी केली, पुन्हा सरळ धरली.

"चार-आठ दिसांत हे इंजेक्शन अंगातून निघून जाईल. मग खरंखोटं काय निघायचं ते निघंल. नऊ वर्षं मी एकच रेघ बघायलेय, आत्या. दोन कशा दिसत्यात, ते एकडाव बघायचं व्हतं." तिनं दाराकडं नजर टाकली. "ह्यांना न्हाई सांगणार. ते यायच्या आत टाकून देते."

शांतम्माला भडभडून आलं. तिला सुनेला रागवायचं होतं, जवळही घ्यायचं होतं. यातलं काहीच न करता तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेच्या खांद्याला खांदा लावून ती पुढं वाकली.

"टाकशील मग. आधी मला तर दाव. दुसरी कुठली?"

"ही. बघा की, जरा फिक्कीच हाय."

शांतम्मानं तिचा हात उन्हाकडं ओढला आणि पट्टी नीट न्याहाळली.

"फिक्की कुठं हाय गं?" ती म्हणाली. "चांगली ठसठशीत तर दिसायली."