खिडकीतला कप

इंग्लंडमधल्या लीड्सच्या घरात सुप्रभा चहा गाळत होती आणि लेक ईरा इतिहासाचा होमवर्क मोठ्यानं वाचत होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात काळ्यांना वस्तीला यायलाच बंदी होती. यादवी युद्धात तेच सैन्यात लढले, मग कायदा रद्द झाला. "आई, म्हणजे सोल्जर्स हवे होते म्हणून लॉ बदलला? आधी कुणालाच लाज नाही वाटली?" सुप्रभाची नजर खिडकीकडे गेली. सासूबाईंना अंघोळ घालणाऱ्या जमैकन जॉयसचा निळा कप तिनं दोन वर्षं तिथे वेगळा ठेवला होता. जॉयस हात पुसत आली. आज सुप्रभानं घरच्यांच्या कपात चहा ओतून पुढे केला. जॉयसनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, खिडकीतला कप घेतला, चहा त्यात ओतला आणि घरच्यांचा कप परत दिला. "असू दे, लव्ह," ती म्हणाली. "माझा कुठला ते मला ठाऊक आहे."