खोटा बीप

"मितेश, पोलिसांचा स्पीड रडार असला की वाजणारं ते यंत्र तू बसवलंस ना, ते मानपाड्याच्या शाळेपाशी रोज वाजतं. तिथे पोलीस तर कधीच नसतो," विनीत दुकानात शिरत म्हणाला.

"काढून टाकू? नाहीतरी बेकायदाच आहे."

"राहू दे. काल वाजलं म्हणून ब्रेक मारला, तर समोरून एक मुलगी पळत गेली. थँक्स म्हणायला आलोय. पण बिघाड काय आहे?"

"बिघाड नाही. मी प्रत्येक गाडीच्या यंत्रात ती शाळेची जागा आधीच भरून देतो."

"का?"

तेवढ्यात मितेशची मुलगी दप्तर घेऊन आत आली आणि विनीतला बघून थबकली.

"बाबा, काल थांबलेले काका हेच."

मितेशने विनीतचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.