पेलाभर धारोष्ण

तिसऱ्या वर्षीही संशोधक डॉक्टरांनी वस्तीतल्या म्हातारीच्या शेळ्यांचं रक्त काढलं. तिने दरवर्षीसारखं धारोष्ण दूध पुढे केलं आणि दरवर्षीसारखीच त्यांना ॲसिडिटी आठवली. "एवढे मोठे साहेब, पण पोट बाई नाजूक," ती सुनेला म्हणाली. सून हसली नाही. लागोपाठ दोन गर्भ पडल्यापासून हसणंच विसरली होती. डॉक्टरांच्या नव्या मदतनीस मुलीने पेला उचलला. त्यांनी तिचा हात धरला. "ठेव खाली," ते पुटपुटले, "या कच्च्या दुधातून रोग होतो, गर्भ पडतात." म्हातारीचे कान तिखट. "कधी कळलं, साहेब?" "पहिल्याच वर्षी. अहवाल वर पाठवलाय, आजी." समजूतदारपणे मान डोलावून म्हातारी रक्ताच्या बाटल्यांच्या पेटीवर ऐसपैस बसली. तिने पेला त्यांच्यापुढे सरकवला. "पोर टिकावं म्हणून सुनेला मीच बळेबळे हे पाजलंय. प्या. पेला रिकामा झाला की उठते."