उत्तरेकडचा गोल

बुडता फुटबॉल क्लब थ्वेटनं वाचवला खरा, पण त्यापायी जुनं मैदान सुपरमार्केटला विकलं. तो अध्यक्ष असेपर्यंत अर्नीनं त्याला दर मॅचला शिव्या घातल्या. गेल्या महिन्यात थ्वेट वारला, तेव्हाही पबमध्ये अर्नी म्हणाला होता, "सुटलो एकदाचे!"

आणि आज त्याच सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये थ्वेटची बायको राखेचा कलश छातीशी धरून उभी!

"तुम्ही क्लबचे जुने माणूस ना? उत्तरेकडचा गोल नेमका कुठं होता हो? मला तिथंच सोडा, असं सांगून गेलेत हे."

"इथं?" अर्नी म्हणाला. "विकलं त्यांनी, आणि आता इथंच?"

"विकल्यापासून या रस्त्यानं कधी गाडी नेली नाही त्यांनी. लांबून वळसा घालायचे."

ट्रॉल्यांच्या रांगेपलीकडे जाऊन अर्नीनं बोटानं जागा दाखवली. कलशाचं झाकण काढून ती वाकली, तसा तो ओरडलाच, "थांबा!"

ती दचकली.

"जरा डावीकडे सरका, बाई," तो म्हणाला. "तिथं आमचे बाबा आहेत."